काठावरच्या चार पेशी

मोठ्या आतड्याच्या गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की माझा हात आपसूक तिच्या काठाकडे जातो. गाठीच्या पोटात काय आहे ते पहिल्या दोन मिनिटांत कळतं. वेड्यावाकड्या ग्रंथी, एकीला एक खेटून बसलेल्या पेशी, गर्द जांभळी केंद्रकं, मधूनमधून मेलेल्या पेशींचा गुलाबी गाळ. एवढ्यावर निदान होतं, पण गाठीचा स्वभाव कळत नाही. त्यासाठी गाठ जिथं संपते आणि स्नायूंचे गुलाबी पट्टे सुरू होतात तिथं जावं लागतं. तिथं मी वीसची लेन्स लावते आणि मोजायला बसते.

मोजायच्या असतात त्या गाठीपासून सुटलेल्या पेशी. कुठं एकटी, कुठं दुकटी, फार तर चौघींचा घोळका. आम्ही याला ‘ट्यूमर बडिंग’ म्हणतो, म्हणजे गाठीला फुटलेले अंकुर. व्याख्या अगदी कारकुनी काटेकोरपणाची आहे. एक ते चार पेशी असतील तर तो अंकुर; पाचवी दिसली की तो अंकुर राहत नाही, त्याला दुसरं नाव. 2016 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात देशोदेशीचे पॅथॉलॉजिस्ट जमले आणि मोजायचं कसं ते त्यांनी ठरवून टाकलं. काठावरची सगळ्यांत दाट जागा शोधायची, 0.785 चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे एक मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात, अंकुर मोजायचे. चारपर्यंत असतील तर पहिली पायरी, पाच ते नऊ दुसरी, दहा किंवा जास्त असतील तर तिसरी. गाठ अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असेल तेव्हा ही मोजणी फार मोलाची ठरते, कारण अंकुर जास्त असले तर रोग लसीका ग्रंथींपर्यंत पोचला असण्याची शक्यता वाढते.

मी शिकत होते तेव्हा अहवालाच्या छापील नमुन्यात याला रकाना नव्हता. या सुट्या पेशी तेव्हाही दिसायच्या. ‘काठ अनियमित’ या दोन शब्दांत आम्ही त्यांना गुंडाळून टाकायचो. एकदा धीर करून वरिष्ठांना विचारलं, “सर, या अशा बाहेर पडलेल्या पेशींचं काय लिहू?” त्यांनी अहवालाचा कागद पुढं ओढला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, “रकाना कुठाय?” मी ‘काठ अनियमित’ लिहिलं. तो पेशंट पुढं कसा राहिला मला माहीत नाही. आम्हाला माणसं सहसा कळत नाहीत, तुकडे कळतात.

अपवाद मावशीचा.

तिला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा मी या विषयात नवखीच होते. शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या झाल्या. मग ती ते सगळं विसरून गेली, आणि तिनं विसरावं अशीच आमची इच्छा होती. अकरा वर्षांनी कंबर दुखायला लागली. वय झालं म्हणून तीन महिने कुणी मनावर घेतलं नाही, तिनंही नाही. मग स्कॅन, मग कमरेच्या हाडातून काढलेला सुईएवढा तुकडा. तोच रोग, नव्या पत्त्यावर.

रात्री तिचा फोन आला. “सगळं काढलं होतं ना गं? मग ही आली कुठून?”

“तेव्हाच एखादी पेशी सुटली असेल, मावशी.”

“सुटली म्हणजे? निसटली, का सोडून गेली?”

मावशीनं तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. क्रियापदांच्या बाबतीत तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. निसटली म्हटलं तर धरणाऱ्याची पकड ढिली. सोडून गेली म्हटलं तर जाणारीच्या मनातच जायचं होतं. पेशीला कुठलं आलंय मन, असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण ते खरं उत्तर नव्हतं, आणि ते तिलाही कळलं होतं.

शाळेच्या पुस्तकात ‘अभिस्तर ऊती’ म्हणून जिची आकृती काढावी लागायची, बहुतेक कर्करोग त्या ऊतीतून उठतात. आम्ही तिला एपिथेलियम म्हणतो. आतड्याचं अस्तर, स्तनातल्या दूधनलिकांचं अस्तर, त्वचा, फुप्फुसाच्या नळ्या. या पेशी मोठ्या घरंदाज असतात. प्रत्येकीला डोकं ठरलेलं, बूड ठरलेलं. बुडाखाली पातळ चटईसारखा पडदा, आणि दोन्ही बाजूंना शेजारणी, ज्यांचा हात कधी सोडायचा नाही. हात म्हणजे ई-कॅड्हेरिन नावाचं प्रथिन. या पेशीतून निघालेला रेणू त्या पेशीतून निघालेल्या रेणूला धरतो, आणि ही पकड टिकायला मध्ये कॅल्शियम लागतं.

या प्रथिनाचा माग लागला त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका बाटलीची गोष्ट आहे. मासातोशी ताकेइची हे जपानी संशोधक सत्तरच्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला काम करत होते. क्योटोत असताना ते पेशींचा थर ट्रिप्सिन या विकरानं सुटा करायचे, आणि ढवळलं की पेशी लगेच पुन्हा गोळा व्हायच्या. बाल्टिमोरमध्ये तेच केलं तर पेशी एकमेकींकडे ढुंकूनही पाहिनात. हात तेच, पेशी त्याच. मग लक्षात आलं की इथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए मिसळलेलं असतं. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. कॅल्शियम नसलं की पेशींचा हात उघडा पडतो आणि ट्रिप्सिन तो कापून टाकतं. एका प्रयोगशाळेची सवय दुसरीत चालेना, त्यातून हे प्रथिन हाती लागलं.

ईडीटीएची बाटली आमच्याकडेही आहे. हाडाचा तुकडा कापण्याआधी मऊ करावा लागतो, त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्यासाठी. मावशीच्या हाडाचा तुकडा त्यातच बुडवून ठेवला होता. फॉर्मालिननं सगळं आधीच जागच्या जागी गोठवलेलं असतं, त्यामुळं तिथं कुणाचा हात सुटत नाही. तरी बाटली पाहिली की मला ते बाल्टिमोर आठवतं.

तर असा धरलेला हात सुटतो कसा? याचं उत्तर कर्करोगाच्या अभ्यासातून आलं नाही. ते आलं गर्भाच्या अभ्यासातून. एलिझाबेथ हे या अमेरिकन शास्त्रज्ञ गर्भाच्या ऊतींवर काम करत. 1982 साली त्यांनी आणि गॅरी ग्रीनबर्ग यांनी डोळ्यातल्या भिंगाच्या अस्तराचे तुकडे कोलॅजनच्या जेलीत रुतवून ठेवले. चांगल्या घरंदाज पेशी, पण चारी बाजूंनी जेली आल्यावर त्यांची रीतच पालटली. डोकं-बूड विसरून त्या लांबट झाल्या, शेजारणीला सोडून जेलीतून एकेकट्या चालायला लागल्या. त्यांच्या जनुकांत काही बिघाड झालेला नव्हता. नुसती बसायची जागा बदलली होती.

असं रूप पालटण्याला एपिथेलियल-मेसेन्कायमल ट्रान्झिशन, थोडक्यात ईएमटी म्हणतात. मेसेन्कायमल पेशी म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. तिला बूड नसतं. पुढचं टोक असतं आणि मागचं टोक असतं. आतला सांगाडा व्हायमेंटिनच्या लवचीक धाग्यांचा. वाट अडली तर पुढचं जाळं विरघळवणारी विकरं ती बरोबर बाळगते. गर्भात हे घडलं नाही तर माणूसच घडत नाही. तिसऱ्या आठवड्यात पेशींचा वरचा थर एका रेषेत आत शिरतो आणि एका थराचे तीन होतात, तेव्हा पेशी शेजार सोडूनच आत जातात. पुढं मज्जारज्जू तयार होताना त्याच्या काठावरच्या पेशी अशाच सुटतात आणि दूरवर जातात. कुणी त्वचेला रंग देणाऱ्या पेशी होतात, कुणी चेहऱ्याची हाडं, कुणी आतड्यातले मज्जातंतू. माझ्या स्लाइडवर स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये मोठ्या, फिकट, ऐसपैस पेशी दिसतात, आतड्याला हालचाल देणाऱ्या चेतापेशी. त्या त्याच वाटेनं आलेल्या. ज्या काठावर मी सुटलेल्या पेशी मोजते तिथून बोटाच्या नखाएवढ्या अंतरावर, कधीकाळी सुटून आलेल्या आणि आता पोक्तपणे नांदणाऱ्या पेशी बसलेल्या असतात.

जखम भरतानाही याचंच छोटं रूप दिसतं. जखमेच्या कडेच्या त्वचापेशी पकड सैल करतात, पुढं सरकतात, भोक बुजलं की पुन्हा जागेवर बसतात. 1986 साली हॅरल्ड ड्वोरॅक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी गाठींचं वर्णन ‘न भरणाऱ्या जखमा’ असं केलं होतं. माझ्या मते या विषयातलं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही.

हा बदल घडवणाऱ्या जनुकांपैकी एकाचं नाव आहे स्नेल. गोगलगाय. हे नाव फळमाशीच्या बिघडलेल्या गर्भांवरून पडलं. त्याच माशीतलं दुसरं जनुक ट्विस्ट, म्हणजे पीळ. 2000 साली दोन स्पॅनिश गटांनी दाखवलं की स्नेलचं प्रथिन ई-कॅड्हेरिनच्या जनुकावर जाऊन बसतं आणि ते बंद करून टाकतं. चार वर्षांनी स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांत ट्विस्टचाही हात दिसला. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय! प्रौढ शरीरात मुकाट पडून असलेली ही जनुकं गाठीच्या काठावर पुन्हा जागी होतात. जागं करणारेही बाहेरचेच असतात: आसपासच्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा संदेश सोडतात, कधी प्राणवायू कमी पडतो.

वर्तमानपत्रांत याची बातमी आली की ‘चलाख पेशी’, ‘वेश पालटणारा शत्रू’ असले शब्द येतात. मला ते पटत नाहीत. चलाखी म्हणजे नवं काही सुचणं. या पेशीला नवं काहीच सुचत नाही. गर्भाला येत होतं तेवढंच ती करते, फक्त भलत्या वयात आणि भलत्या ठिकाणी.

आता सुटलेली पेशी पुढं जाते म्हणजे काय, तर बहुतेक वेळा मरते. आयझेया फिडलर यांनी 1970 साली उंदरांच्या रक्तात मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, पेशी किरणोत्सारी खूण लावून सोडल्या. चोवीस तासांनी हजारात एकही धड उरली नव्हती. त्यांतून गाठ धरणाऱ्या पेशी दहा हजारांत एखादी. त्यात नवल नाही. केशवाहिन्या पाच ते दहा मायक्रॉन रुंद, पेशी पंधरा-वीस मायक्रॉनची. बाकीची पेशी लवते, केंद्रक सहजासहजी लवत नाही. चिंचोळ्या फटीतून जाताना त्याचं आवरण फाटतं, आतला डीएनए तुटतो. रक्ताच्या प्रवाहाचा मार वेगळा. मारेकरी पांढऱ्या पेशी टपलेल्या. मदत मिळालीच तर ती प्लेटलेट्सची. रक्त गोठवणाऱ्या या बापड्या चकत्या पेशीभोवती चिकटून तिला आडोसा देतात, वर टीजीएफ-बीटाही देतात, म्हणजे सुटं राहायला आणखी बळ.

रक्तातल्या अशा पेशी पहिल्यांदा दिसल्या त्या 1869 मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या टॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरांना कर्करोगानं गेलेल्या एका माणसाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी दिसल्या होत्या. आज त्या मोजायचं यंत्र आहे. साडेसात मिलिलिटर रक्त घ्यायचं. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर लक्षण चांगलं नाही. पण या यंत्राचं जाळं विणलंय एपकॅम या एपिथेलियल खुणेवर. जिनं ती खूण पुसून टाकली ती जाळ्यातून अलगद जाते. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, “ही मात्र निसटली.”

एवढ्यावर गोष्ट छान जमते: घरंदाज पेशी हात सोडते, भटकी होते, दूर जाऊन गाठ करते. मीही कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना अशीच सांगत आले. मग तिला फाटे फुटत गेले.

2015 च्या शेवटी ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध शेजारीशेजारी आले. एकात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांत स्नेल किंवा ट्विस्ट काढून टाकलं, तरी रोग पसरायचा तो पसरलाच. दुसऱ्यात स्तनाच्या गाठीतल्या पेशींना अशी खूण केली की एकदा जरी त्यांनी रूप पालटलं तरी कायमचा रंग बदलेल. फुप्फुसातल्या नव्या गाठी पाहिल्या तर त्या बहुतेक रंग न बदललेल्यांच्याच निघाल्या. औषध दिल्यावर मात्र चित्र उलटं. तग धरून राहिल्या त्या रूप पालटलेल्या. मग मोठी वादावादी झाली. एका जनुकावर, एका खुणेवर सगळा बदल मोजता येतो का, हा मुख्य आक्षेप होता, आणि मला तो रास्त वाटतो.

2019 मध्ये आणखी एक धक्का. जॉन्स हॉपकिन्समध्ये वीणा पद्मनाभन आणि अँड्र्यू एवॉल्ड यांच्या गटानं स्तनाच्या गाठीतून ई-कॅड्हेरिनच काढून टाकलं. हात सुटले, पेशी आसपास जोरात घुसल्या, इथवर अपेक्षेप्रमाणं. पण दूरवर पोचून गाठ धरायची वेळ आली तेव्हा त्या तगल्याच नाहीत. ज्या पकडीनं पेशीला घरात बांधून ठेवलं होतं तीच पकड प्रवासात तिला जिवंत ठेवत होती.

मग ध्यानात आलं की पाहायचं दोन टोकांच्या मध्ये. पूर्ण घरंदाज पेशी निघत नाही. पूर्ण भटकी निघते, पण तिला बूड टेकता येत नाही. खरी धोक्याची ती ना धड इकडची, ना धड तिकडची. एका हातानं शेजारणीला धरलेली आणि एक पाय उंबऱ्याबाहेर. तिच्यासारख्या घोळक्यानं निघतात. बोस्टनच्या गटानं 2014 मध्ये उंदरांत मोजलं तेव्हा रक्तातले असे घोळके फार थोडे भरले, पण एकट्या पेशीच्या तुलनेत घोळक्याची गाठ धरायची ताकद 23 ते 50 पट होती.

पेशी मध्येच कशी थांबते, याचं गणित मला उशिरा कळलं. झेब नावाचं प्रथिन पेशीला भटकी करतं. मायक्रोआरएनए-200 हा आरएनएचा छोटासा तुकडा झेबला दाबतो. आणि झेब त्याला दाबतं. दोघांनी एकमेकांची मानगूट धरलेली. अशा झटापटीत एक जिंकणार, दुसरा हरणार असंच कुणालाही वाटेल. 2013 मध्ये राइस विद्यापीठातल्या गटानं समीकरणं मांडली तर तिसरी अवस्थाही निघाली, दोघंही निम्मे-निम्मे आणि झटापट तशीच चालू. त्या गटातले मोहित कुमार जॉली आता बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हाच धागा पुढं नेत आहेत. ब्रुसेल्सच्या गटानं 2018 मध्ये उंदरांच्या गाठींत अशा मधल्या पायऱ्या एकामागून एक वेगळ्या काढून दाखवल्या. उगमाचा डीएनए तोच, पण एकाच गाठीत कुणी पहिल्या पायरीवर, कुणी तिसऱ्या.

हे वाचलं आणि मला माझे अंकुर वेगळे दिसायला लागले. त्या चार पेशींच्या कडांवर ई-कॅड्हेरिन पुसट असतं, पण अगदीच नाहीसं नसतं. केरॅटिन या एपिथेलियल प्रथिनाचा रंग दिला की घरच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्या फारशा विभागतही नाहीत. वाढ आणि वाटचाल या दोन्ही गोष्टी एकदम जमत नसाव्यात. गंमत म्हणजे लागोपाठचे काप घेऊन कुणी त्रिमितीय चित्र उभं केलं तेव्हा कळलं की एकट्या वाटणाऱ्या यांतल्या बऱ्याच पेशी मागं गाठीला जोडलेल्याच असतात. बोटं कापडामागून पुढं यावीत आणि आपल्याला फक्त टोकं दिसावीत, तसं. चार मायक्रॉनच्या कापात मी त्यांना ‘सुट्या’ म्हणते, हा माझ्या सुरीचाही दोष.

माती मिळणं हा आणखी एक प्रश्न. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं 1889 साली स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. रोग पसरला तो कसाही, वाटेल तिथं नाही. यकृत आणि हाडं यांकडे ओढ जास्त, प्लीहेला रक्त भरपूर असूनही तिथं क्वचित. बी वाटेल तिथं पडतं, उगवतं मानवेल त्या मातीत, असं त्यांनी मांडलं. आणि उगवायचं तर पेशीला पुन्हा घरंदाज व्हावं लागतं. 2012 साली दोन गटांनी दाखवलं की ट्विस्ट किंवा तसलंच दुसरं जनुक चालू राहिलं तर पेशी पोचते खरी, पण गाठ धरत नाही. ते बंद झालं तरच धरते. मधल्या काळात ती नुसती पडून राहू शकते. न वाढता, न मरता. स्तनाच्या हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगात पाच वर्षांच्या गोळ्यांनंतरही वीस वर्षांपर्यंत रोग परतताना दिसतो. मावशीची अकरा वर्षं त्यात आली. ती हसत-खेळत होती, वर्ग घेत होती, आणि तिच्या हाडात कुणीतरी बसून होतं.

मध्यंतरी तिनं मला घाबरून फोन केला. कुठंसं वाचलं होतं की झोपेत कर्करोग पसरतो. झ्यूरिकच्या संशोधकांनी 2022 मध्ये 30 स्त्रियांचं रक्त पहाटे चारला आणि सकाळी दहाला तपासलं होतं. सुटलेल्या पेशींपैकी तीनचतुर्थांशांहून जास्त पहाटेच्या रक्तात होत्या. “म्हणजे मी आता जागायचं का गं?” “नाही, मावशी. रक्त किती वाजता तपासलं ते डॉक्टरांनी लिहून ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. तू झोप.” ती झोपली की नाही कोण जाणे.

उपचाराचं काय, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांभाळून बोलावं लागलं असतं. पेशीला जबरदस्तीनं पुन्हा घरंदाज करावं असं पहिल्यांदा वाटतं, पण जी वाटेत आहे तिला बूड टेकायला आपणच मदत केली तर? बाझेलच्या एका गटानं 2019 मध्ये तिसरीच युक्ती काढली. मधल्या अवस्थेतली पेशी कुठंही वळू शकते ना, मग तिला चरबीच्या पेशीकडे वळवू. मधुमेहाचं रोसिग्लिटाझोन आणि मेलॅनोमाचं ट्रॅमेटिनिब अशी जुनीच औषधं एकत्र देऊन त्यांनी उंदरांत स्तनाच्या गाठीतल्या काठावरच्या पेशींच्या चरबीपेशी करून दाखवल्या. लठ्ठ, गोल, तेलाचा थेंब पोटात घेऊन बसलेल्या. त्या पुन्हा विभागल्या नाहीत. उंदरांतलं सगळंच माणसांत उतरत नाही, हे खरं. पण पेशीला मारण्याऐवजी मोठं करणं माणसांतही एकदा जमलंय. ऐंशीच्या दशकात शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात जीवनसत्त्व अ च्या कुळातलं औषध दिलं आणि अर्धवट राहिलेल्या पेशी प्रौढ झाल्या. मावशीच्या वाट्याला यातलं काही नाही. तिला नव्या गोळ्या चालू आहेत, आणि त्या लागू पडताहेत.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, “मला दाखव.”

जुना ब्लॉक काढायला दोन दिवस लागले. मेणात रुतवलेला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. नवा काप घेतला, ई-कॅड्हेरिनचा रंग दिला. हाडाच्या तुकड्याची स्लाइड होतीच. दोन डोकी असलेला, विद्यार्थ्यांना शिकवायचा मायक्रोस्कोप आहे आमच्याकडे. एका बाजूला मी, समोर मावशी, चष्मा काढून, डोळे मिचकावत.

पहिली स्तनातली. तपकिरी रेघांची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, प्रत्येक पेशीच्या भोवती सलग. “हे तपकिरी म्हणजे त्यांचे हात,” मी सांगितलं. अहवालात ‘ई-कॅड्हेरिन पॉझिटिव्ह’ वाचून ती तेव्हा रडली होती, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट असं वाटून. ते आता दोघींनाही आठवलं.

मग अकरा वर्षांनंतरची, हाडातली. तीच जाळी. तेवढीच गडद, तेवढीच सलग. हाडाच्या गुलाबी पट्ट्यांच्या मध्ये दूधनलिकेच्या पेशी एकमेकींना धरून बसलेल्या, जणू कधी कुठं गेल्याच नव्हत्या.

मावशीनं दोन्ही पुन्हा पुन्हा बघितल्या. म्हणाली, “दोन्हीकडे धरूनच बसल्यात की गं. मग सुटलेली कुठाय?”

“या काचांवर नाही ती.”

“मग कुठल्या काचेवर आहे?”

मी काही बोलले नाही. तिनं स्टेजची चावी हातात घेतली. मी सांगितलं, उजवीकडे फिरवलं की स्लाइड उलटीकडे पळते, सवय होईपर्यंत चुकतं. तिनं मान हलवली आणि पहिली स्लाइड परत लावायला सांगितली. मग एका टोकापासून सुरुवात करून, वह्या तपासाव्यात तशी ओळीनं, ती काठाकाठानं सरकत राहिली.